वऱ्हाडचा धनी कोण?

वऱ्हाडांतील शेतकऱ्याला धुऱ्याचें भांडण नवें नाहीं. दोन शेतांच्या मधला हातभर बांध, त्यावरची एखादी बाभूळ, आणि तिच्यापायीं बापापासून नातवापर्यंत चाललेला दिवाणी दावा, असें प्रकरण अकोला-अमरावतीच्या कोर्टांत कधींहि पाहावयास मिळतें. धुऱ्याचा वाद अखेर मोजणीनें मिटतो. साखळी पडते, खुणेचे दगड सांपडतात, आणि कोणाचें शेत कोठें संपतें हें ठरतें. परंतु शेत कोठें संपतें हें सर्वांस ठाऊक असून तें कोणाचें हेंच ठरत नसेल, तर मोजणीदारानें काय करावें? सबंध वऱ्हाड प्रांताची स्थिति अशीच झाली होती. १८५३ पासून पुढें पंचाण्णव वर्षें या प्रांताचा राजा एक आणि राज्य करणारा दुसरा, असा प्रकार चालला. त्या काळांत लढाई एकहि झाली नाहीं. भांडण झालें तें कागदावर, आणि तेंहि मुख्यतः एका शब्दावरून.

या प्रांताची शीव निसर्गानेंच आंखून दिल्यासारखी आहे. उत्तरेस गाविलगड व मेळघाटचे डोंगर, पूर्वेस वर्धा नदी, दक्षिणेस बराच अंतरापर्यंत पैनगंगा, आणि पश्चिमेस खानदेश व औरंगाबादेकडील मुलूख. क्षेत्रफळ सुमारें १७,७०० चौरस मैल. १९०१ च्या खानेसुमारींत वस्ती साडेसत्तावीस लाख भरली. जमीन काळी, कसदार, कापसाला जणूं घडविलेली. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण उगाच पडलेली नाहीं. आणि अशा जमिनीला धनी पुष्कळ मिळतात.

१७२४ सालीं निजामउल्मुल्कानें मुबारिझखानाचा पाडाव करून दक्षिणेंत आपली सत्ता स्थापन केली. ती लढाई झालेलें साखरखेर्डें वऱ्हाडांतच, आजच्या बुलढाणा जिल्ह्यांत आहे. पुढें नागपूरकर भोसल्यांनीं या मुलखांत हात घातला आणि एकाच रयतेकडे दोन सरकारांचे अंमलदार वसुलीस येऊं लागले. ही दुअमली १८०३ सालीं संपली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत तेल्हाऱ्याजवळ अडगांवच्या मैदानावर जनरल वेलस्ली यानें भोसल्यांचा पराभव केला, डिसेंबरांत गाविलगड घेतला, आणि १७ डिसेंबर रोजीं देवगांवचा तह झाला. त्यानंतर तेरा दिवसांनीं सुर्जी-अंजनगांव येथें शिंद्यांचाहि तह झाला. देवगांवच्या तहानें भोसल्यांनीं वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला. इंग्रजांनीं तो दुसऱ्या वर्षीं आपल्या दोस्ताच्या, म्हणजे निजामाच्या, पदरांत टाकला. डोंगरांतले दोन किल्ले आणि आजूबाजूची कांहीं गांवें तेवढीं भोसल्यांकडे राहिलीं होतीं; तो हिशेब १८२२ च्या तहानें पुरा झाला. वर्धेच्या पश्चिमेस निजाम, पूर्वेस भोसले. शिवेचा प्रश्न येथें मिटला. धन्याचा प्रश्न याच दोस्तींतून उपजला.

निजामाच्या पदरीं इंग्रजांची तैनाती फौज होतीच. १८०० च्या तहानें तिच्या खर्चाची सोय मुलूख तोडून देऊन कायमची झाली होती. पण रेसिडेंट हेन्री रसेल याच्या कारकीर्दींत आणखी एक फौज उभी राहिली. अधिकारी इंग्रज, शिपाई देशी, आणि पगार निजामाच्या खजिन्यांतून. हिलाच पुढें हैदराबाद कंटिंजंट असें नांव मिळालें. तिचा खर्च वर्षास चाळीस लाखांच्या आसपास होता. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, शांततेच्या दिवसांत अशी फौज पोसण्याचें बंधन निजामावर कोणत्याहि तहानें घातलेलें नव्हतें. दिवाण चंदूलाल यानें तें मुकाट्यानें सोसलें, पामर कंपनीसारख्या सावकारी पेढ्यांकडून भारी व्याजानें पैसा काढला, आणि तोहि आटल्यावर पगार खुद्द कंपनी सरकारच्या खजिन्यांतून होऊं लागून तो निजामाच्या नांवें लिहिला जाऊं लागला. १८५३ मध्यें हें कर्ज सुमारें ४५ लाखांवर गेलें होतें. ज्या फौजेची गरज मालकास फारशी वाटत नव्हती, तिच्याच पगारापायीं मालक ऋणको झाला. सावकारी कुळाचें शेत कसें जातें हें पाहिलेल्या वऱ्हाडी माणसास पुढील कथा सांगावी लागणार नाहीं.

गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यानें कर्ज व फौजेचा खर्च यांच्या भरपाईसाठीं मुलूख मागितला. कर्नल लो हा रेसिडेंट मसुदा घेऊन निजाम नासिरउद्दौला याच्यापुढें उभा राहिला. निजामानें त्यास जें उत्तर दिलें तें लो यानें स्वतःच सरकारास कळविलेलें आहे. राजाला दोन गोष्टी लाजिरवाण्या असतात, असा त्याचा आशय होता: पूर्वजांपासून चालत आलेला मुलूख निष्कारण दुसऱ्यास देऊन टाकणें ही एक, आणि शौर्य गाजविलेलें सैन्य मोडून टाकणें ही दुसरी. इंग्रजांनीं त्याच्यापुढें वस्तुतः हेच दोन मार्ग ठेविले होते. बोलणें आठवडेच्या आठवडे लांबलें. मग रेसिडेन्सींतील मेजर डेव्हिडसन यानें दिवाण सिराजउल्मुल्क यास एक खासगी चिठ्ठी धाडली कीं, पुण्याच्या गोऱ्या पलटणीस हैदराबादेकडे कूच करण्याच्या तयारीनें राहण्याचा हुकूम झाल्याचें कळलें आहे. चिठ्ठी खासगी होती, पण तिचा अर्थ खासगी नव्हता. आठवड्याभरांत, २१ मे १८५३ रोजीं, तह झाला.

या तहानें वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रांत कंटिंजंटच्या खर्चासाठीं इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं गेले. पांच हजार पायदळ, दोन हजार घोडेस्वार आणि चार तोफखाने यांहून कमी नसलेली फौज त्या उत्पन्नांतून ठेवावयाची, उरलेली शिल्लक दरसाल हिशेबासह निजामास द्यावयाची. परंतु निजामानें एका गोष्टीवर शेवटपर्यंत हट्ट धरला. मुलूख ‘कायमचा’ दिला असे शब्द तहांत नकोत. लो यानें तो हट्ट मानला. फौज हवी असेल तोंवरच मुलूख आमच्याकडे राहील, असेंहि तो बोलण्यांत म्हणाला. वऱ्हाडी भाषेंत बोलावयाचें तर हें खरेदीखत नव्हतें, ताबेगहाण होतें. जमीन सावकाराच्या वहितींत गेली, सातबारा मूळ मालकाच्या नांवें राहिला.

सत्तावन्नच्या धामधुमींत हैदराबादचें दरबार इंग्रजांच्या बाजूस राहिलें. त्याचें बक्षीस म्हणून १८६० मध्यें नवा तह झाला. धाराशिव व रायचूर परत मिळाले, सुरापूरचा मुलूख निजामास दिला गेला, पन्नास लाखांचें कर्ज सोडलें. वऱ्हाड मात्र ठेवून घेतलें, ‘विश्वस्त’ या नात्यानें. बक्षिसाच्या या थैलींत एक बारीक भोंक होतें. शिल्लक देऊं, पण हिशेब विचारावयाचा नाहीं, असें आतां ठरलें. विश्वस्त म्हणवून घेणारा गृहस्थ हिशेबाची वही बंद करतो, हा प्रकार शाळेंतल्या पोरासहि खटकेल.

आणि हिशेब विचारण्यासारखे दिवस नेमके तेव्हांच आले. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या बोंडाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत लोखंडी सडक वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोंचली. १८७० मध्यें खामगांवचा फांटा उघडण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एका कापसाच्या पेठेसाठीं हिंदुस्थानचा व्हाइसरॉय येतो, यावरून ती पेठ काय योग्यतेची होती हें कळेल. अमरावती व अकोला या जुन्या कसब्यांच्या बाजूस कचेऱ्या, जिनें आणि प्रेस उभे राहिले. सरकारी कागदांत मात्र या भरभराटीच्या प्रांताला धड नांवहि नव्हतें. ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’, म्हणजे हैदराबादनें लावून दिलेले जिल्हे, असा त्याचा उल्लेख होई.

हैदराबादचा दिवाण पहिला सालारजंग यानें हें गहाण सोडविण्याचा प्रयत्न जन्मभर केला. आम्ही मोठी रक्कम ठेव म्हणून देतों, तिच्या व्याजांतून फौजेचा खर्च चालवा आणि वऱ्हाड परत करा, अशी त्याची मागणी होती; तींत हिशेबी माणसास दोष काढतां येणार नाहीं. १८७६ मध्यें तो विलायतेस गेला तेव्हां त्याचा मानमरातब भरपूर झाला. उत्तर मिळालें तें एवढेंच कीं, निजाम मीर महबूब अलीखान अज्ञान आहे, तो वयांत आल्यावर पाहूं. १८८३ मध्यें सालारजंग वारला. निजाम १८८४ मध्यें वयांत आला. गहाण तसेंच राहिलें.

१९०२ च्या मार्चअखेर लॉर्ड कर्झन हैदराबादेस गेला. त्यानें निजामाची एकांतांत भेट घेतली, दिवाणाला दूर ठेवून. त्या भेटींत काय झालें याविषयीं पुढें दोन्ही पक्षांनीं निरनिराळें सांगितलें; कर्झन म्हणे निजामानें खुषीनें मान्यता दिली, आणि पुढच्या निजामानें लिहिलें कीं आपल्या पित्यावर दडपण आलें. ५ नोव्हेंबर १९०२ रोजीं करार झाला. निजामाचें वऱ्हाडवरील स्वामित्व पुन्हां एकवार मान्य केलें, आणि त्याच लेखणीनें वऱ्हाड दरसाल पंचवीस लाखांच्या खंडानें इंग्रज सरकारास पट्ट्यानें दिलें. पट्टा कसला? कायमचा. पन्नास वर्षांपूर्वीं आजोबानें जो शब्द तहांतून काढविला होता, तो नातवाच्या सहीवर परत आला. पंचवीस लाख ही रक्कम त्यापूर्वीं हातीं येणाऱ्या सरासरी शिलकेपेक्षां मोठी होती हें खरें. पण कायमच्या पट्ट्याचा खंड कापसाच्या भावाबरोबर वाढत नसतो. निजामाच्या वाढदिवशीं वऱ्हाडांत त्याचें निशाण लागावें आणि तोफांची सलामी व्हावी, एवढा मान राखला गेला. १९०३ च्या आरंभीं निजामास जी. सी. बी. हा किताब मिळाला, तेव्हां लोकांनीं त्या तीन अक्षरांचा अर्थ लावला, ‘गेव्ह कर्झन बेरार’; कर्झनला वऱ्हाड दिलें! त्याच वर्षीं १ ऑक्टोबरास वऱ्हाड मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरकडे सोंपविलें गेलें.

इतक्यांत कर्झन दुसऱ्याच मुलखांत जाऊन पोंचला होता, आणि तेथवर त्याच्या मागें गेल्यास वऱ्हाडची कथा अधिक उलगडते. १९०३ च्या नोव्हेंबरांत त्यानें इराणच्या आखातांत दौरा काढला आणि शारजासमोर युद्धनौकेवर अरब शेखांचा दरबार भरविला. आज हें चमत्कारिक वाटेल, पण आखातांतील वाळवंटी राज्यांचा कारभार त्या वेळीं हिंदुस्थान सरकारचेंच परराष्ट्र खातें पाही. हैदराबादचा रेसिडेंट आणि बुशायरचा रेसिडेंट यांचीं पत्रें एकाच कचेरींत येत. तिकडच्या बाजारांत चालणारें नाणेंहि हिंदी रुपयाच. १८९९ च्या जानेवारींत, कर्झन अधिकारावर येतांच, कुवेतच्या शेख मुबारकाकडून एक गुप्त लेख करून घेण्यांत आला होता. इंग्रजांच्या संमतीवांचून आपल्या भूमीचा कोणताहि भाग दुसऱ्या सत्तेस देणार नाहीं, विकणार नाहीं, पट्ट्यानें वा गहाण देणार नाहीं, असें त्यांत मुबारकानें लिहून दिलें. मोबदला पंधरा हजार रुपये. विक्री, पट्टा, गहाण! हे शब्द अमरावतीच्या दस्तऐवज-लेखकाच्या रोजच्या वापरांतले. त्याच शब्दांनीं इंग्रज मुत्सद्दी समुद्रापलीकडचीं राज्यें बांधून घेत होता.

अरबांकडे अडचण वेगळी होती. वाळवंटांत नदी नाहीं, धुरा नाहीं. उंटांचे कळप पावसामागें फिरणार आणि टोळी ज्या विहिरीवर पाणी पिते ती विहीर तिची. नज्दचा इब्न सऊद म्हणे, टोळी माझी म्हणून तिची कुरणें माझीं. इराक आणि कुवेत यांना हें मान्य नव्हतें. १९२२ च्या अखेरीस सर पर्सी कॉक्स या मुत्सद्द्यानें, जो हिंदुस्थानच्याच राजकीय खात्यांत वाढला होता, उकैर बंदरावर बैठक बोलाविली. दिवसच्या दिवस वाद होऊन कांहीं ठरेना, तेव्हां त्यानें तांबडी पेन्सिल घेऊन नकाशावर रेघ ओढली. इराकला नज्दची जमीन मिळाली, त्याची भरपाई म्हणून कुवेत सांगत होता त्या मुलखाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग इब्न सऊदला गेला. दोन तुकडे कोणाचेच नाहींत म्हणून तटस्थ ठेवले. ते पुढें कित्येक वर्षांनीं वांटले गेले. या बैठकीस कुवेतचा शेख हजर नव्हता. त्याच्या वतीनें बसला होता इंग्रज एजंट.

वऱ्हाडच्या कोणत्याहि तहाच्या वेळीं वऱ्हाडचा कोणी माणूस हजर नव्हता, आणि याचे परिणाम फार विचित्र झाले. कायद्याच्या दृष्टीनें वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानांत मोडत नसे. कलकत्त्यास वा दिल्लीस झालेला कायदा येथें आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर जनरलच्या जाहीरनाम्यानें तो वेगळा लावावा लागे. अमरावतीस जन्मलेला वकील ब्रिटिश न्यायाधीशापुढें ब्रिटिश कायदा बोले, पण स्वतः निजामाचा प्रजाजन. १८९७ सालीं राष्ट्रीय सभेचें तेरावें अधिवेशन शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखालीं अमरावतीस भरलें. दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. ब्रिटिश राज्याकडे हक्क मागणारी ती सभा नांवाला तरी निजामाच्या भूमीवर बसली होती! माँटेग्यू सुधारणांनंतर वऱ्हाडच्या मतदारांनीं निवडून दिलेले सभासद नागपूरच्या कायदे कौन्सिलांत ‘नियुक्त’ म्हणून बसत. मतें मोजून झाल्यावर सरकारनें त्यांना नेमावयाचें. वऱ्हाडचा पैसा मध्यप्रांतावर खर्च होतो ही तक्रारहि त्या कौन्सिलांत वरचेवर ऐकूं येई.

आणि नदीपलीकडे? पश्चिमेस देऊळगांव राजाहून जालन्याच्या बाजारास निघालेला गाडीवान एका दिवसाच्या आंत दुसऱ्या राज्यांत जाई. भाषा तीच, सोयरे तेच, पण वाटेवर करोडगिरीचें नाकें, आणि खिशांतल्या कलदार रुपयाऐवजीं हाली शिक्का. शंभर कलदारांस हाली सुमारें एकशें सोळा-सतरा मिळत. दोन्ही बाजूंचा राजा कागदावर एकच होता, ही गोष्ट त्या गाडीवानास सांगितली असती तर त्यानें हंसून बैल हांकले असते.

२५ ऑक्टोबर १९२३ रोजीं निजाम मीर उस्मान अलीखान यानें व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यास लांबलचक पत्र लिहून वऱ्हाड परत मागितलें. या वेळीं प्रथमच वऱ्हाडच्या लोकांचें नांव निघालें. प्रांत परत आल्यास तेथें जबाबदार राज्यपद्धति देऊं, असें निजामानें कबूल केलें. वऱ्हाडांत यावर विश्वास ठेवणारे फार निघाले नाहींत. स्वतःच्या संस्थानांत प्रजेला जें दिलें नाहीं तें आम्हांस कसें मिळणार, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो सरळ होता. दुसरीकडे इंग्रजांच्या पट्ट्यावर संतोष होता असेंहि नाहीं. गहाण शेताला सावकार आवडतो कीं जुना मालक, असें विचारण्यासारखेंच तें होतें.

निजामाचा मुख्य मुद्दा असा कीं, हा करार दोन समान पक्षांतला आहे, तेव्हां वाद निष्पक्ष मंडळापुढें चालावा. मुद्दा म्हणून तो भक्कम होता. तहाचे कागद त्याच्या बाजूचे होते. रीडिंगनें मार्च १९२५ मध्यें नकार दिला. निजामानें पुन्हां लिहिलें. २७ मार्च १९२६ च्या उत्तरांत रीडिंगनें कागदांचा प्रश्नच बाजूस सारला. ब्रिटिश बादशहाची सत्ता हिंदुस्थानांत सर्वश्रेष्ठ आहे, ती केवळ तहांवर अवलंबून नाहीं, म्हणून कोणाहि संस्थानिकास त्या सरकारशीं बरोबरीच्या नात्यानें वाटाघाट करण्याचा हक्क पोंचत नाहीं, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. शंभर वर्षें ज्यांना दोस्त म्हटलें, त्यांना चाकरीची जागा दाखविली गेली. हें पत्र हिंदुस्थानांतील प्रत्येक दरबारांत वाचलें गेलें आणि संस्थानिकांच्या हक्कांविषयीं पुढें जी चौकशी झाली तिच्यावर त्याची छाया पडली. वऱ्हाडचा दावा अशा रीतीनें सर्व संस्थानिकांच्या दाव्याचा निकाल ठरला.

जखमेवर लेप म्हणून १९३६ चा करार झाला. वऱ्हाड मध्यप्रांताशीं मिळून एकच गव्हर्नरी प्रांत व्हावयाचा, पंचवीस लाख चालू राहावयाचे, आणि निजामानें ‘हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम’ म्हणवून घ्यावयाचें. थोरला पुत्र आझम जाह हा ‘प्रिन्स ऑफ बेरार’, वऱ्हाडचा युवराज, झाला. त्याची पत्नी दुर्रुशेवार ही तुर्कस्तानच्या अखेरच्या खलिफाची कन्या. त्यांचा विवाह १९३१ मध्यें फ्रान्समधील नीस येथें झाला होता. इस्तंबूलच्या राजकन्येच्या नांवापुढें अशा रीतीनें अकोटच्या कापसाचा प्रांत लागला.

१९४७ मध्यें इंग्रज जावयास निघाले तेव्हां दावा पुन्हां उभा राहिला. पट्टा घेणाराच गेल्यावर पट्टा उरत नाहीं, जमीन मूळ मालकाकडे जावी, असें हैदराबादच्या शिष्टमंडळाचें म्हणणें पडलें. हिंदी सरकारनें आहे ती व्यवस्था सोडली नाहीं. नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानें वेळ काढला, आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर विचारणारा कोणी राहिला नाहीं. पण त्याआधींच, ८ ऑगस्ट १९४७ रोजीं, पश्चिम महाराष्ट्राचे आणि विदर्भाचे पुढारी अकोल्यास एकत्र बसले व संयुक्त महाराष्ट्रांत महाविदर्भाचा उपप्रांत कसा असावा याविषयीं त्यांनीं करार केला. त्या कराराचें पुढें काय झालें हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. वऱ्हाडविषयींच्या करारावर वऱ्हाडच्या माणसांची सही पडली ती मात्र येथें.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ व मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यांत आले आणि जालन्याच्या वाटेवरची जुनी शीव राज्याची राहिली नाहीं. पैनगंगेचा खालचा कांहीं भाग मात्र अद्यापहि राज्याची हद्दच आहे. पलीकडे आतां तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. आझम जाह १९७० मध्यें वारला. दुर्रुशेवार २००६ पर्यंत लंडनला होती, आणि तिच्या मृत्यूची बातमी देतांना वर्तमानपत्रांनीं तिला ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ असेंच म्हटलें.